हिदेओ नोमो : एका राजीनाम्याची हकीकत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासातील एखादा विषय निवडण्यास सांगितले, तेव्हा आम्ही एखाद्या संपाचा इतिहास सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. विषयात संप आहे. पण आधी खेळ आहे, आणि तोही आपल्या गावात कोणी न खेळणारा. १९९५ साली हिदेओ नोमो नावाचा एक जपानी खेळाडू अमेरिकेत जाऊन बेसबॉलचा एक हंगाम खेळला. त्या हंगामाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आम्ही बेसबॉल कधी खेळलो नाही. आमचे शाळेचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. अमेरिकेतील कामगार संघटनांविषयी वाचीत असता हा माणूस आम्हांस भेटला, आणि त्याच्या हकिकतीतील एका शब्दापाशी आम्ही थबकलो. तो शब्द म्हणजे ‘स्वेच्छानिवृत्ती’. आपल्यापैकी ज्यांनी कारखान्यात दिवस काढले आहेत त्यांना या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. सूचनाफलकावर कागद लागतो, अर्जाचे नमुने वाटले जातात, आणि ज्याची इच्छा नाही अशा माणसाकडून ‘स्वेच्छेने जात आहे’ असे लिहून घेतले जाते. मालकाने कामगारास बाहेर काढण्याचे ते दार. नोमोने हेच दार उलट्या बाजूने उघडले. मालक सोडीत नव्हता म्हणून तो स्वेच्छेने निवृत्त झाला; आणि पाच महिन्यांच्या आत जगातील सर्वांत मोठ्या स्पर्धेत चेंडू टाकू लागला.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. आपला गोलंदाज धावत येतो, चेंडूला टप्पा देतो. पिचर एका जागी उभा राहून चेंडू टप्प्याविना थेट फेकतो. फलंदाजाने तीन रास्त चेंडू हुकविले की तो बाद. उलट पिचरने चार चेंडू नेमक्या चौकटीबाहेर टाकले की फलंदाजास पहिल्या ठाण्यावर फुकट जाता येते. एकच पिचर शंभराहून अधिक चेंडू पूर्ण जोराने टाकतो, आणि त्याचा सारा भार एका खांद्यावर आणि एका कोपरावर पडतो. सुताराचा रंधा बोथट झाला तर दुसरा मिळतो. पिचरचे हत्यार म्हणजे त्याचा हात, आणि तो एकच असतो.

नोमोचा जन्म ३१ ऑगस्ट १९६८ रोजी ओसाका शहरात झाला. औद्योगिक शाळेतून बाहेर पडल्यावर तो साकाई येथील निप्पॉन स्टीलच्या संघातून खेळू लागला. जपानात मोठमोठ्या कंपन्यांचे आपापले संघ असत; आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांचे आणि बँकांचे क्रिकेट वा कबड्डीचे संघ असत तसेच. या पोलाद कारखान्याच्या संघात त्याने ‘फोर्कबॉल’ आत्मसात केला. तर्जनी आणि मधले बोट यांच्या बेचक्यात चेंडू धरून तो वेगाने सोडावयाचा. फलंदाजापाशी सरळ येतो असे वाटता वाटता तो एकदम खाली बसतो. त्याची फेकण्याची ढबही जगावेगळी. दोन्ही हात डोक्यावर उंच न्यावयाचे, सारे अंग पिळून फलंदाजाकडे पाठ करावयाची, आणि मग गरकन फिरून चेंडू सोडावयाचा. लोकांनी या ढबीस ‘टोर्नॅडो’, म्हणजे वावटळ, असे नाव दिले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेसबॉल हा प्रदर्शनीय खेळ होता. तेथे रौप्यपदक मिळविणाऱ्या जपानी संघात नोमो होता. त्याच संघात आत्सुया फुरुता नावाचा एक यष्टिरक्षकासारखा खेळाडू होता. त्याचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. शेवटी ते पुन्हा येणार आहे.

जपानात व्यावसायिक संघ बारा, आणि ते रेल्वे, वृत्तपत्रे, खाद्यपदार्थांचे कारखाने अशा कंपन्यांच्या मालकीचे. होतकरू खेळाडूंची दरवर्षी या संघांत वाटणी होते. एकावर अनेकांनी हक्क सांगितला तर चिठ्ठ्या टाकतात. १९८९ साली नोमोवर आठ संघांनी हक्क सांगितला, आणि चिठ्ठी निघाली किन्तेत्सु बफेलोज या संघाची. किन्तेत्सु ही ओसाका भागातील खाजगी रेल्वे कंपनी. १९९० च्या पहिल्याच हंगामात नोमोने १८ सामने जिंकले आणि २८७ फलंदाज तीन रास्त चेंडूंत गारद केले. १९९० ते १९९३ अशी सलग चार वर्षे आपल्या साखळीत विजयांतही तो पहिला आणि बळींतही पहिला.

चौथ्या वर्षी संघाची सूत्रे केइशी सुझुकी यांच्या हाती आली. सुझुकी स्वतः थोर पिचर. ३१७ विजयांचे धनी. आपण जसे राबलो तसे पुढच्यानेही राबावे, ही जुन्या उस्तादांची रीत असते. ती खेळात आहे तशी यंत्रशाळेतही आहे. १ जुलै १९९४ रोजी सेइबू संघाविरुद्ध नोमोचा नेम सुटला होता. त्याने १६ फलंदाजांना फुकट ठाणे दिले. तरीही त्यास बाहेर बोलावले गेले नाही. त्या एका सामन्यात त्याने १९१ चेंडू टाकले, आणि तो सामना जिंकलाही. त्याच हंगामात त्याचा खांदा दुखावला. वर्षअखेर नोमोने दोन मागण्या मांडल्या : करार अनेक वर्षांचा असावा, आणि वाटाघाटीस आपल्या वतीने प्रतिनिधी बसावा. त्या काळी जपानी मालक खेळाडूचा प्रतिनिधी मानीतच नसत. दोन्ही मागण्या फेटाळल्या गेल्या.

श्रोतेहो, या मागण्यांकडे जरा नीट पाहा. एक नोकरीच्या शाश्वतीची, दुसरी प्रतिनिधित्वाची. जगातील कोणत्याही मागणीपत्रात पहिल्या पानावर हीच दोन कलमे असतात. ज्याच्या हाताला इजा झाली आहे आणि ज्याला दरवर्षी नवा करार करावयाचा आहे, तो आणखी काय मागणार?

मग त्याने दुसऱ्या संघाकडे का जाऊ नये? जपानात १९९३ साली संघ बदलण्याचा हक्क मिळाला होता. पण तो दहा वर्षांच्या सेवेनंतर. नोमोची सेवा पाच वर्षांची. आणि परदेशी जाण्याचा मार्ग त्याच्या जन्माआधीच बंद झालेला होता. १९६४ साली नानकाई हॉक्स या संघाने मासानोरी मुराकामी नावाच्या वीस वर्षांच्या पिचरला शिकावयास म्हणून अमेरिकेत पाठविले. तो इतका चांगला निघाला की १ सप्टेंबर १९६४ रोजी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्यास न्यूयॉर्कमध्ये मुख्य संघातून उतरविले. अमेरिकेच्या वरिष्ठ साखळीत खेळलेला तो पहिला जपानी. जायंट्स म्हणाले, दहा हजार डॉलर देऊन आम्ही हक्क घेतला आहे. नानकाई म्हणाले, मुलगा आमचा आहे. तडजोड अशी झाली की त्याने १९६५ चा हंगाम अमेरिकेत खेळावा आणि मग परत यावे. तो परत आला. पुढे १९६७ साली दोन्ही देशांच्या मालकांनी करार केला की एकमेकांच्या करारबद्ध खेळाडूंना हात लावावयाचा नाही. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे एकही जपानी खेळाडू वरिष्ठ साखळीत उतरला नाही. मालक आपसांत कितीही भांडोत, कामगारास बांधून ठेवण्याच्या बाबतीत त्यांची एकी किती लवकर होते, याचा हा नमुना आहे.

पण कलमे माणसेच लिहितात, आणि माणसांच्या हातून फट राहते. डॉन नोमुरा या प्रतिनिधीने नियम बारकाईने वाचले. स्वेच्छेने निवृत्त झालेला खेळाडू पुन्हा जपानात खेळू लागला तर त्याने जुन्याच संघाकडे आले पाहिजे, असा नियम होता. पण निवृत्ताने परदेशी खेळू नये असे कोठेही म्हटलेले नव्हते. जानेवारी १९९५ मध्ये सव्वीस वर्षांचा नोमो निवृत्त झाला. जपानी वृत्तपत्रांनी त्यास कृतघ्न म्हटले, द्रोही म्हटले. त्याच महिन्याच्या १७ तारखेस कोबेचा प्रचंड भूकंप झाला. देश दुःखात, आणि हा देश सोडून निघालेला. फेब्रुवारीत लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाशी त्याचा करार झाला. सहीबद्दल वीस लाख डॉलर मिळाले. तेव्हा त्याने दारिद्र्य पत्करले असे कोणी म्हणू नये. परंतु जपानात त्याचा वार्षिक पगार चौदा कोटी येन होता. अमेरिकेत तो नवशिका ठरल्यामुळे मुख्य संघात त्यास मिळणार होता तो केवळ किमान पगार, १,०९,००० डॉलर, म्हणजे सुमारे एक कोटी येन. आधीच्या पाच वर्षांची सेवा हिशेबात शून्य.

आता अमेरिकेकडे वळू. तेथेही खेळाडू एकेकाळी असाच बांधलेला होता. करार संपला तरी मालकाचा हक्क संपत नसे. १९६६ साली खेळाडूंनी आपल्या संघटनेचा कारभार मार्व्हिन मिलर यांच्याकडे सोपविला. हे गृहस्थ पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले. १९६९ साली कर्ट फ्लड या कृष्णवर्णी खेळाडूने, आपणास न विचारता दुसऱ्या संघास दिले म्हणून जाण्यास नकार दिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ साली हरला. १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांनी कराराविना खेळून लवादाकडे दाद मागितली. २३ डिसेंबरला लवाद पीटर साइट्झ यांनी निवाडा दिला की ते मोकळे आहेत. मालकांनी साइट्झ यांना तत्काळ लवादपदावरून दूर केले. निवाडा मात्र टिकला. हा मेसरस्मिथ डॉजर्सचाच पिचर. वीस वर्षांनी नोमो ज्या मैदानात उतरला, त्याच मैदानात तो चेंडू टाकीत असे.

नोमो तेथे पोहोचला तेव्हा अमेरिकेत संप चालू होता. पगारावर कमाल मर्यादा घालण्याच्या मालकांच्या योजनेविरुद्ध १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडू बाहेर पडले होते. त्या वर्षीची अंतिम मालिका रद्द झाली. १९०४ नंतर असे कधी घडले नव्हते. दोन महायुद्धांतही ती झाली होती. वसंत ऋतूत मालकांनी बदली खेळाडू जमविले. ३१ मार्च १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायाधीश सोनिया सोतोमायोर यांनी मालकांविरुद्ध मनाईहुकूम दिला, आणि २ एप्रिलला २३२ दिवसांचा संप मिटला. हंगाम १४४ सामन्यांपुरता आखडला.

कोणी विचारील, हा संपफोड्या नव्हता काय? आम्हांसही प्रथम हाच प्रश्न पडला. बदली खेळाडूंचा हंगाम सुरू झालाच नाही. संपकरी कामावर परतल्यानंतर महिन्याने, त्यांच्या खांद्याला खांदा लावून नोमो मैदानात उतरला. त्याने कोणाची भाकरी हिसकावली नाही.

एप्रिलअखेर बेकर्सफील्ड येथे कनिष्ठ साखळीतील एक सामना, आणि मग २ मे १९९५, सॅन फ्रान्सिस्कोचे कॅन्डलस्टिक पार्क. मुराकामी ज्या संघाकडून खेळला त्याच जायंट्सविरुद्ध नोमो उभा राहिला. पाच डावांत एक फटका, सात बळी, धाव एकही नाही. सामना पंधरा डाव लांबला आणि डॉजर्स ४–३ असे हरले. पण नोमोचे काम चोख झाले होते. पहिला विजय मिळावयास महिना लागला. २ जूनला न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध २–१ असा तो आला, आणि मग बांध फुटला. जूनमध्ये सहा विजय, पराजय एकही नाही. १४ जूनला पिट्सबर्ग येथे एका सामन्यात सोळा बळी. डॉजर्सच्या कोणा नवशिक्याने तोवर इतके घेतले नव्हते. २४ जूनला जायंट्सना एकही धाव दिली नाही. पाठ फिरवून उभा राहणारा हा माणूस चेंडू केव्हा सोडील याचा फलंदाजांना अंदाज येईना, आणि आला तर चेंडू पायापाशी बसलेला असे.

याच आठवड्यांत अमेरिका आणि जपान मोटारींवरून हमरीतुमरीवर आले होते. मे महिन्यात अमेरिकेने जपानी महागड्या मोटारींवर शंभर टक्के जकात बसविण्याचे जाहीर केले. जूनअखेर तडजोड झाली. सरकारे अशी भांडत असताना लॉस एंजेलिसचे प्रेक्षक एका जपान्याच्या नावाचा गजर करीत होते. संपामुळे लोक खेळावर रुसले होते. देशभर प्रत्येक सामन्यामागे प्रेक्षक सुमारे एक पंचमांशाने घटले होते. अशा वर्षी नोमोने कित्येकांचे पाय पुन्हा मैदानाकडे वळविले. जपानात त्याचे सामने सकाळी दिसत. कामावर निघालेली माणसे तोक्योच्या चौकांतील मोठ्या पडद्यांपुढे थांबून राहत. त्यास द्रोही म्हणणारा देश आता त्याच्या प्रत्येक चेंडूकडे डोळे लावून होता. कोबेचा भूकंप आणि मार्चमधील तोक्योच्या भुयारी रेल्वेतील विषारी वायूचा हल्ला, अशा त्या काळ्या वर्षात लोकांना अभिमानाने पाहावे असे काही सापडले होते.

११ जुलैला टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना झाला. नॅशनल लीगच्या बाजूने पहिला चेंडू टाकण्याचा मान नोमोस मिळाला. दोन डाव, एक फटका, तीन बळी. ५ ऑगस्टला जायंट्सविरुद्धच्या संपूर्ण सामन्यात त्याने एकच फटका मारू दिला. ३० सप्टेंबरला सॅन दिएगो येथे त्याच्याच विजयाने डॉजर्सनी आपला विभाग जिंकला. पुढे बादफेरीत, ६ ऑक्टोबरला सिनसिनाटीने त्याला झोडपले आणि डॉजर्स स्पर्धेबाहेर गेले.

हंगामाचा ताळेबंद असा : २८ सामन्यांत सुरुवात, १३ विजय, ६ पराजय, दर नऊ डावांमागे सरासरी २.५४ धावा, आणि २३६ बळी. बळींत तो नॅशनल लीगमध्ये पहिला. यष्टिरक्षकाच्या हातून निसटावे इतके भलतीकडे गेलेले चेंडूही त्याचेच सर्वांत अधिक, १९. हेही सांगितले पाहिजे. पराक्रमाच्या हिशेबात खोट लपवू नये. वर्षातील उत्कृष्ट नवोदिताचे पारितोषिक त्यास मिळाले, तेव्हा काही जण कुरकुरले : जपानात पाच वर्षे व्यवसाय केलेला माणूस नवोदित कसा? आमचे उत्तर साधे आहे. पगार ठरविताना ती पाच वर्षे धरली नाहीत. मग बक्षीस देताना ती कोठून आठवली?

आता या हकिकतीचा उत्तरार्ध. नोमोच्या मागून हिदेकी इराबू निघाला. १९९७ साली त्याच्या संघाने त्याचा हक्क परस्पर सॅन दिएगोला दिला, आणि त्यास भांडून न्यूयॉर्क मिळवावे लागले. १९९८ साली अल्फोन्सो सोरियानो नोमोप्रमाणेच ‘निवृत्त’ झाला. मालकांनी मग ती फट बुजविली. १९९८ अखेर नवी पद्धत आली : मुदतीआधी जावयाचे तर संघाची परवानगी हवी, अमेरिकन संघांनी बोली लावावी, आणि बोलीची रक्कम जपानी मालकास मिळावी. २००० साली इचिरो सुझुकीसाठी सिएटलने एक कोटी एकतीस लाख डॉलरहून अधिक बोली दिली. दार उघडले खरे. पण त्यावर नाके बसले. एका माणसाने फटीतून मिळविलेले स्वातंत्र्य त्याच्यापुरते असते. ते सर्वांचे व्हावयास दुसरे काही लागते.

ते दुसरे काही २००४ साली घडले. किन्तेत्सु कंपनीने तोटा दाखवून आपला संघ ओरिक्स संघात विलीन करण्याचे ठरविले. खेळाडूंना कोणी विचारले नाही. जपानी खेळाडूंच्या संघटनेस १९८५ साली कामगार संघटना म्हणून मान्यता मिळाली होती, पण तिने संप कधी केला नव्हता. १८ आणि १९ सप्टेंबर २००४ हे दोन दिवस जपानी बेसबॉलच्या इतिहासातील पहिला संप झाला. त्याचा पुढारी होता आत्सुया फुरुता, सोलला नोमोबरोबर खेळलेला. किन्तेत्सुचा संघ वाचला नाही. पण नवा संघ घेण्याचे मालकांस मान्य करावे लागले. २००५ पासून सेन्दाई येथे तो उभा राहिला, आणि संघांची संख्या बाराच राहिली. ज्या संघाने नोमोस कृतघ्न ठरविले तो आज नाही. नोमो १२३ अमेरिकन विजय गाठीस बांधून २००८ साली खरोखरीचा निवृत्त झाला. कंपन्या आपापले संघ बंद करीत चालल्या, तेव्हा खेळण्यास जागा न उरलेल्या तरुणांसाठी त्याने २००३ साली आपल्या नावाचा हौशी संघ काढला होता. तोही साकाईतच, जेथे तो पोलाद कारखान्याच्या संघातून खेळला.

शेवटी एक गोष्ट आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचे मागणीपत्र नुकतेच गेले होते, आणि आमचा एक निष्णात टर्नर राजीनामा देऊन दुसरीकडे गेला. त्याने आम्हांस आधी सांगितले होते की पाठ धरली आहे, यंत्र बदलून मागतो तर मिळत नाही. आम्ही म्हणालो, करारात बघू. तो गेल्यावर दुसऱ्या सकाळी द्वारसभेत आम्ही ध्वनिक्षेपकावरून त्यास फितूर म्हटले. टाळ्या पडल्या. नोमोची हकीकत वाचताना त्या टाळ्या आम्हांस आठवल्या. किन्तेत्सुच्या मालकांनी नोमोबद्दल जो शब्द वापरावा, तोच आम्ही कामगारांचे पुढारी म्हणून आमच्या माणसाबद्दल वापरला होता.

आमचे आजचे मत असे आहे. जो एकटा जातो त्याला द्रोही म्हणू नये. काम सोडून जाता येणे हाच कामगार आणि गुलाम यांतला पहिला फरक आहे. फ्लड एकटाच उभा राहिला होता, नोमोही एकटाच निघाला. पण एकट्याच्या जाण्याने दार उघडे राहते असेही मानू नये. ते उघडे ठेवण्याचे काम मागे राहिलेल्यांचे, मिलरचे आणि फुरुताचे. संघटनेने आधी दुखऱ्या खांद्याची तक्रार ऐकावी. ती वेळेवर ऐकली असती तर आमचा टर्नर गेला नसता. त्याची गाठ घेऊन हे त्याला सांगावयाचे आमच्याकडून अद्याप राहिले आहे. ते आता आम्ही करू.